अंगुस्तानांचं अस्तर

६ फेब्रुवारी

मिसेस आर्लेटा फाउट्सचा फोन आला. सोळा वर्षांनी. कशी आहेस, काय चाललंय, काही नाही. "ब्रम्ली, हात चालतात का तुझे अजून?"

मी म्हटलं, चालतात.

"मग उद्या दहाला ये. दहा म्हणजे दहा."

आणि ठेवला. मी सदुसष्ट वर्षांची बाई, फोन हातात धरून ताठ उभी होते.

७ फेब्रुवारी

दहाला पाच मिनिटं कमी असतानाच मेपल कोर्टला पोचले. वृद्धांसाठी ही जागा बरी आहे, पण सगळीकडे उकडलेल्या कोबीचा वास. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी आत गेले तरी मान वळवली नाही. तोरा तसाच आहे.

कारखाना चालू होता तेव्हा शवपेट्यांच्या अस्तर खात्यात मी अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली बावीस तिच्या हाताखाली. तिने उसवायला लावलेले टाके सरळ एका रेषेत मांडले तर आमच्या इंडियानातून बाहेर जातील.

टेबलावर बिस्किटांचे चार डबे होते. उघडले तर आत नुसती अंगुस्तानं. शिवताना बोटावर चढवायच्या त्या इवल्या टोप्या. कारखान्यात आम्ही प्रत्येकीच्या बोटात एक बाळगायचो, पण बाईने जमवलीत हे मला माहीत नव्हतं.

"दोनशे चौदा आहेत," ती म्हणाली. "चांदीची, पितळेची, कथलाची, हाडाची. लायब्ररीला देतेय. त्यांच्याकडे बँकेचं जुनं ओकचं कपाट आहे, वर काच असलेल्या सपाट खणांचं. आत अस्तर हवं."

"कुणाकडून करून घेताय?"

"मूर्खासारखं विचारू नकोस."

बारा एप्रिलला उद्घाटन. म्हणजे दोन महिने. मला एक आठवडा पुरे. आयुष्यात चाळीस हजार पेट्यांना तरी अस्तर लावलं असेल मी, एकाही गिऱ्हाइकाने उठून तक्रार केलेली नाही.

१० फेब्रुवारी

सामान जमवलं. गॅरेजमध्ये सोफ्याचा फोम पडूनच होता, एक इंच जाडीचा, हाताला लोण्यासारखा. वरून शुद्ध लोकरीचं फेल्ट, गडद वाइनच्या रंगाचं. चिकटवायला आमचं नेहमीचं डब्यातलं सोल्यूशन. चांदी त्या रंगावर अशी उठून दिसेल की लोक काचेला नाक लावतील.

१५ फेब्रुवारी

पहिला खण पूर्ण. एक सुरकुती नाही, कोपरे सुरीसारखे. नमुन्याचा चौकोन घेऊन मिसेस फाउट्सकडे गेले. बाईने तो हातात घेतला, अंगठ्याने चोळला, नाकाशी नेला. नजर खिडकीबाहेरच.

"वास येतोय."

"नवीन आहे ना. उडून जाईल."

"कुठे उडून जाईल? वर काच असणार." आणि मग, "रंग कोणता घातलास?"

समोर धरलाय तुकडा, आणि विचारते रंग कोणता! मी तिच्या हाताखाली नवी होते तेव्हा अशीच परीक्षा घ्यायची. मीही मुद्दाम शाळेतल्या मुलीसारखं उत्तर दिलं, "वाइनचा, मॅडम."

"वाइन," ती म्हणाली. "बरा दिसत असेल."

असेल म्हणे. डोळे वर करून बघायचेही कष्ट नाहीत.

२१ फेब्रुवारी

तीस अंगुस्तानं पहिल्या खणात मांडून खण लायब्ररीच्या पुढच्या दालनात ठेवला, लोकांना आधी थोडी चुणूक म्हणून. लायब्ररी सांभाळणारी मरिसोल टाळ्या वाजवायला लागली. मधोमध मिसेस फाउट्सचं सर्वांत जुनं चांदीचं, तिच्या आईचं. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला कथलाची दोन. फार सुंदर दिसतं. मी स्वतःच तीनदा मागे वळून पाहिलं.

मरिसोलने विचारलं, "हे सामान आतल्या वस्तूंना चालतं ना? कुठेतरी वाचलं होतं मी..."

मी म्हटलं, "बाळ, तू पुस्तकं बघ."

९ मार्च

आज जे पाहिलं ते लिहायला हात उचलत नाही.

चांदीची सगळी अंगुस्तानं पिवळट पडलीत, दोन-तीन तर काळीनिळी. कथलाच्या दोन्हींवर पांढरी भुकटी, पिठी साखर भुरभुरल्यासारखी. सोळा दिवसांत!

मी मरिसोलला नको नको ते बोलले. काच पुसायला काय वापरतेस, हीटर किती वाढवतेस, कुणाला हात लावू दिलास. ती सारखी म्हणत होती, "मी झाकण उघडलेलंच नाही, नेड्रा." मी म्हटलं, मग काय ती आपोआप आजारी पडली? मरिसोलचे डोळे भरले होते. आता वाटतं, जरा जास्तच झालं. पण दोष तिचाच असणार. माझं अस्तर तर निर्दोष आहे.

१० मार्च

मधलं चांदीचं घरी आणलं आणि पॉलिशचा डबा काढला. अर्धा तास जोर लावून घासलं. काठाच्या पट्टीवर काहीतरी खरबरीत होतं, खाचांत काळं साठल्यासारखं, तेही गेलं. आता आरसा झालाय नुसता. उद्या-परवा तिला नेऊन दाखवते. बाकीची अशीच एकेक करून काढीन. चिंतेचं कारण नाही.

१२ मार्च

जसं झालं तसंच लिहिते.

मी अंगुस्तान तिच्या तळहातावर ठेवलं. तिने ते बोटात घातलं, काठावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग काढून माझ्याकडे धरलं.

"हे माझं नाही."

"तुमचंच आहे, मिसेस फाउट्स."

"माझ्या आईचं अंगुस्तान मला ओळखता येत नाही असं वाटतं तुला?"

"पॉलिश केलंय मी. चमकतंय म्हणून वेगळं वाटतंय. हे बघा तरी नीट." मी टेबलावरचा दिवा लावला आणि तिच्या हाताजवळ सरकवला.

"दिवा कशाला लावतेस?" ती म्हणाली. "दिव्याचा मला उपयोग असता तर तुझ्याकडून रंग विचारून घेतला असता का?"

मी खुर्चीच्या कडेवर बसले. खिडकीकडे तोंड करून का बसते, तर तिथे उजेड आहे एवढं कळतं. बाकी काही नाही. दोन वर्षं झाली. इथल्या नर्सखेरीज कुणाला सांगितलेलं नाही.

"पट्टीवर अक्षरं होती," ती म्हणाली. "हेस्टर. आईचं नाव. झिजलेली होती, पण बोटाला लागायची. रोज सकाळी वाचायचे मी."

लायब्ररीत बदललं असेल, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मरिसोलचं नावही ओठावर होतं. दुसरीकडे कुठे नाही तर इथे तरी खरं लिहावं.

मी म्हणाले, "मी घासून काढली."

ती ओरडली नाही. बावीस वर्षं ओरडली, आणि आज नाही. फक्त म्हणाली, "जा आता, ब्रम्ली."

१४ मार्च

दोन दिवस गॅरेजला कुलूप. आज सकाळी लायब्ररीत गेले. मरिसोलसाठी आमच्या इंडियानाचा साखर-सायीचा गोड पदार्थ, शुगर क्रीम पाय, केला होता, तो टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "चूक माझी असावी. तू काय वाचलं होतंस ते सांग."

तिने ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "असावी?"

"होती. चूक माझी होती."

"मग चमचे आणते," ती म्हणाली.

तिने इंडियानापोलिसच्या एका संग्रहालयात फोन लावून दिला. तिथे जुन्या वस्तूंची डागडुजी करणारी एक बाई आहे. शांत आवाज, सावकाश बोलणारी. मी काय काय वापरलं ते सांगत गेले आणि पलीकडून नुसतं "हं... हं..." डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तसं.

लोकरीत गंधक असतं. त्याने चांदी काळी पडते. ओकच्या लाकडातून आंबट वाफ सुटते, ती शिसं आणि कथील खाते. सोल्यूशनचीही वाफ असते. आणि माझा लोण्यासारखा फोम काही वर्षांत चिकट होऊन चुरा होणार आणि वस्तूंना चिकटून बसणार. वर काच. सगळं आत कोंडलेलं.

"पण मी अठ्ठावीस वर्षं हेच वापरलं," मी म्हटलं.

"कशासाठी?"

मी सांगितलं.

"त्या वस्तू पुन्हा कुणी बघणार नव्हतं," ती हळूच म्हणाली.

आणि पॉलिश? पॉलिश म्हणजे चांदीचाच एक थर खरवडून काढणं. काळी पडलीत ती आहेत तशीच राहू द्या म्हणाली. गेलेली अक्षरं परत येत नाहीत. हे मी दोनदा विचारलं.

१६ मार्च

उद्घाटन सतरा मेपर्यंत पुढे ढकललं. मरिसोलने सूचना लावली. गावात लोक विचारतात, नेड्रा, काय झालं? मी सांगते, माझं अस्तर वाईट निघालं. पहिल्यांदा जड गेलं. पाचव्यांदा सोपं गेलं.

संग्रहालयातल्या बाईने परीक्षेची पद्धत सांगितली. काचेच्या स्वच्छ बरणीत कापडाचा तुकडा ठेवायचा, सोबत इवल्याशा बाटलीत पाणी, आणि तीन धातू, एकमेकांना न टेकता: चांदी, तांबं, शिसं. झाकण घट्ट. उबदार जागी अठ्ठावीस दिवस. एका बरणीत कापड अजिबात नाही, तुलनेला. धातू जसेच्या तसे राहिले तर कापड चांगलं. प्रयोगशाळेइतकं अचूक होणार नाही म्हणाली, पण खरा गुन्हेगार पकडला जाईल.

चांदीसाठी जुनी नाणी, तांब्यासाठी तार, शिशासाठी माझ्या गेलेल्या नवऱ्याच्या, विन्सच्या मासेमारीच्या पेटीतली गळाची वजनं. विन्स असता तर म्हणाला असता, नेड्रा, लोणचं घालतेस की चेटूक करतेस? घर तापवणाऱ्या भट्टीच्या खोलीत फळीवर अकरा बरण्या मांडल्या. लोकर, साटीन, मखमल, ओकचा तुकडा, दुकानातला कापूस, पॉलिएस्टरचं भरण, पांढरा पॅकिंगचा घट्ट फोम, पॉलिएस्टरचं फेल्ट, बिनरंगाचं सुती कापड न धुतलेलं, तेच तीनदा धुतलेलं, आणि एक रिकामी.

२२ मार्च

सहा दिवस. लोकरीच्या बरणीतलं नाणं कोळशासारखं. माझाच हात कापल्यासारखं वाटलं. मखमलही त्याच वाटेवर. ओकच्या बरणीतल्या शिशावर पांढरी बुरशी चढल्यासारखी दिसते.

मिसेस फाउट्सचा फोन नाही. माझीही हिंमत नाही.

२७ मार्च

तिचा फोन. "बरण्यांचं काय झालं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी आंधळी आहे, बहिरी नाही. सगळं गाव बोलतंय. काय झालं?"

मी अकरा बरण्यांचा हिशोब दिला. ती मधे मधे प्रश्न विचारत होती, अगदी खात्यातल्यासारखे. सुती कापड धुताना शेवटी मऊ करायचं औषध घातलंस का? नाही ना? धागा कोणता घेणार? तो का नाही ठेवला बरणीत?

धागा! माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज बारावी बरणी लावली.

शेवटी म्हणाली, "डबे घेऊन ये उद्या. काहीतरी सांगायचंय."

आईच्या अंगुस्तानाबद्दल ती बोलली नाही. मी बोलायला गेले तर म्हणाली, "दहाला. दहा म्हणजे दहा."

२८ मार्च

बाईने एकेक अंगुस्तान नाकाशी नेऊन हुंगलं. दोनशे चौदा! मी पाहत बसले. त्यातली सात बाजूला काढली. हस्तिदंताची म्हणून मी वेगळ्या कौतुकाने ठेवलेली.

"वास घे."

घेतला. "कापूर?"

"हस्तिदंत कापराचा वास देत नाही. सेल्युलॉइड आहे. विकणाऱ्याने फसवलं मला, कळलं होतं, पण रंग गोड होता. ही बाकीच्यांत नको ठेवूस."

मी संग्रहालयात विचारलं. बरोबर होतं. सेल्युलॉइड म्हातारं झालं की स्वतःच आंबट वाफ सोडतं, शेजाऱ्यांना घेऊन बुडतं. ती सात वेगळ्या डब्यात, हवा खेळती ठेवून. संग्रहालयातली बाई म्हणाली, "हे कुणी ओळखलं?" मी म्हटलं, "आमच्या खातेप्रमुखांनी."

५ एप्रिल

बरण्यांचा निकाल यायचाय, तोवर मापं आणि सराव. आता रोज दहाला जाते. मी कापते, ती हाताने तपासते. अंगुस्तानं आडवी ठेवली तर घरंगळतात, म्हणून पांढऱ्या घट्ट फोमच्या छोट्या खुंट्या कापायच्या, वर कापड शिवायचं आणि त्यावर टोपीसारखी बसवायची. प्रत्येकीचं माप वेगळं. ती अंगुस्तान करंगळीत घालून माप सांगते, मी फूटपट्टीने मोजते, केसभराचा फरक निघत नाही. फार घट्ट झाली तर तीच ओरडते, "काढताना ओढणार का त्याला? बाळाचं डोकं आहे असं समज!"

आज तिने माझ्याकडून सहा खुंट्या परत करून घेतल्या. मी कुरकुरले. खरं तर झोप छान लागतेय आजकाल.

१३ एप्रिल

अठ्ठावीस दिवस पुरे. निकाल मरिसोलसमोर उघडला.

लोकर, मखमल, साटीन, ओक: नापास. दुकानातला कापूस: नापास, याचं मलाही आश्चर्य. न धुतलेलं सुती कापड: शिसं किंचित मंद झालेलं. तीनदा धुतलेलं: स्वच्छ. पॉलिएस्टरचं भरण, त्याचं फेल्ट, पांढरा घट्ट फोम: रिकाम्या बरणीतल्यासारखं लख्ख. धाग्याला अजून अकरा दिवस आहेत, पण आतापर्यंत ठीक.

ओकचं कपाट टाकून देता येत नाही, गावाचं लाडकं आहे. त्याला आतून धातूचा पापुद्रा असलेला वाफरोधक कागद लावायचा, मग त्यावर अस्तर. सोल्यूशनचा एक थेंब नाही. सगळं टाक्यांनी.

मरिसोल म्हणाली, "सगळं पांढरं? वाइनचा रंग छान होता."

"रंग पाझरतो," मी म्हटलं. आणि मग आम्ही दोघी एकदमच हसायला लागलो, कारण पांढरं अस्तर, पांढरे टाके, कडेला चुण्या. दिसायला हुबेहूब लहानशी शवपेटी. ठीक आहे. शेवटी हात माझाच आहे.

२६ एप्रिल

धागा पास. पहिला खण नव्याने पूर्ण. मिसेस फाउट्सने दोन्ही हात आत घालून सगळा चाचपला, कोपरे, चुण्या, एकूण एक खुंटी. मग नाक आत घातलं.

"कसलाच वास नाही," ती म्हणाली.

बावीस वर्षांत तिच्या तोंडून मी ऐकलेली ही सर्वांत मोठी शाबासकी.

८ मे

सहाही खण झाले. आईच्या अंगुस्तानाचा विषय आज मीच काढला. ते कुठे ठेवायचं?

"मधोमध. जिथे होतं तिथे."

"पण अक्षरं..."

"कार्डावर लिही. हेस्टरचं, पट्टीवर नाव होतं, नेड्रा ब्रम्लीने घासून काढलं."

"असं लिहू?"

"मग काय, आपोआप गेलं असं लिहिणार?"

लिहिलं. माझं नाव पहिल्यांदाच कुठे छापून येणार, ते असं. वाद घातला नाही. खरंच तर आहे. आणि वाचून एखादी तरी बाई घरी जाऊन पॉलिशचा डबा बंद करील.

१६ मे

उद्या उद्घाटन. आज दिवसभर लायब्ररीत शेवटची कार्डं लिहिली. मरिसोलने मिसेस फाउट्सना गाडीतून आणलं होतं. ती खुर्चीत बसून एकेक अंगुस्तान बोटाने ओळखायची आणि सांगायची, मी लिहायचे. हे फेअरमाउंटच्या जत्रेतून. हे पोस्टातल्या बाईने दिलेलं. हे चिनी मातीचं, तडा मी पाडला, लिहू नकोस.

दोनशे चौदावं झालं. मी पेन ठेवलं.

"अजून एक आहे," ती म्हणाली आणि स्वेटरच्या खिशात हात घातला. तिच्या तळहातावर पोलादाचं एक साधंसुधं अंगुस्तान होतं, डाव्या बाजूला खोलगट चेपलेलं. जत्रेत कुणी फुकटसुद्धा घेणार नाही असं.

मी ते जरा जोर लावून बोटात घातलं. चेप बरोबर तिथेच बसली, जिथे माझं हाड जरा बाहेर आहे. ती चेप मीच पाडली होती, पेटीच्या झाकणाखाली सापडून. सत्याऐंशी साली.

"हे माझं आहे."

"लिही मग तसं."

"हे हरवलं होतं! तीन दिवस शोधलं मी. सगळं खातं उलथंपालथं केलं. तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलंत, स्वतःचं अवजार सांभाळता येत नाही म्हणून!"

"झापलं तेव्हा ते माझ्या खिशात होतं."

मरिसोलने हातातल्या काचा खाली ठेवल्या.

"का?" मी विचारलं.

ती खिडकीकडे वळून बसली. "तुझ्या नवऱ्याला डेटनला काम लागत होतं. महिनाअखेरीस सोडते म्हणालीस. तुझ्यासारखा टाका खात्यात दुसरीचा नव्हता. काहीतरी ठेवून घ्यावंसं वाटलं."

"पण आम्ही गेलोच नाही! बावीस वर्षं तुझ्यासमोर बसले मी त्यानंतर!"

"मग परत कशी देणार? सगळ्यांसमोर झापलं होतं. चोर ठरले असते."

"चोरच आहेस तू, आर्लेटा!"

"तेही लिही कार्डावर," ती म्हणाली. "दोनशे पंधरा. पोलाद. चोरलेलं."

अडतीस वर्षं ती बाई एक चेपलेलं लोखंड जपत बसली आणि मला मात्र टाके उसवायला लावत होती. कमाल आहे. माणसं काय काय जमवतात.

कार्ड लिहिलं. मग लक्षात आलं, खुंट्या दोनशे सातच आहेत, वेगळ्या डब्यातल्या सातांसाठी केल्याच नव्हत्या, आणि रिकामी एकही नाही. मी पांढऱ्या फोमचा एक तुकडा कापला, माझ्या बोटाच्या मापाचा. आर्लेटाने तो चाचपून पाहिला आणि परत केला. "बारीक कर. हे माप आताच्या बोटाचं आहे. तेव्हा तू एकोणतीस वर्षांची होतीस."

बारीक केला. कापड चढवलं, शिवलं. बरोबर बसलं.